सगळं पाणी मोगऱ्याला

उर्सुला टीचरांच्या हातचं पांढरं म्हणजे पांढरं. गावात कुणाच्या दोरीवर पिवळट चादर वाळत असली, की टीचर रस्त्याने जाताना नुसत्या एकदा वर बघायच्या. त्या घरची सून संध्याकाळच्या आत ती चादर काढून पुन्हा भिजत घालायची. शाळेतून निवृत्त झाल्यावर तपासायला वह्या उरल्या नव्हत्या, म्हणून बाईंनी गावच तपासायला घेतलं होतं.

गिरीज गावाच्या अलीकडे केळीच्या वाड्यांमध्ये त्यांचं घर, आणि घराच्या मागच्या दारातून दिसणारं चर्च. चर्चच्या वेदीवरची वस्त्रं धुण्याचं काम त्यांच्याकडे आलं, ते कुणी दिलं म्हणून नाही. आधीच्या बाई म्हाताऱ्या झाल्या आणि टीचरांनी गाठोडं उचललं, एवढंच. त्या गाठोड्यात सगळ्यात जपायचे ते चषकाचे रुमाल. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या रोजच्या उपासनेत, फादर द्राक्षारस प्यायले की त्या छोट्या रुमालाने आपले ओठ आणि चषकाची कड पुसतात. असे डझनभर रुमाल होते, रोजचा एक.

हे रुमाल धुण्याचा एक नेम आहे. त्यांना पवित्र रक्ताचा अंश लागलेला असतो, म्हणून त्यांचं पहिलं पाणी गटारात सोडायचं नाही. कुणाचा पाय पडणार नाही अशा जागी मातीत ओतायचं. कॉन्व्हेंटच्या सिस्टरने टीचरांना हे शिकवलं तेव्हा ती स्पष्ट म्हणाली होती, पहिलं पाणी. पण सांगितलं तेवढंच करायचं हा टीचरांचा स्वभाव नव्हता. पहिल्या पाण्यात देव आणि दुसऱ्या पाण्यात नुसता साबण, असं कसं होईल? त्यांनी सगळंच पाणी मातीत ओतायचं ठरवलं. बादल्या उचलून घरामागच्या मोगऱ्याला घालायच्या, तेही शक्यतो चर्चला जाणाऱ्या बायका रस्त्यावर असताना. ‘टीचर सिस्टरच्याही वरताण आहेत,’ असं कुणी म्हटलं की त्या ऐकलं नाही असं दाखवायच्या, आणि दिवसभर त्यांचा चेहरा फुललेला असायचा.

मोगऱ्याला मात्र ही भक्ती मानवली नाही. मुळाशी चिखल राहून पानं पिवळी पडायला लागली. मग टीचरांनी मधला मार्ग काढला. नेम मोडायचा नाही आणि झाडही मरू द्यायचं नाही, म्हणून पाणीच कमी केलं. डझनभर रुमाल अर्ध्या बादलीत खळबळून काढायचे. मुळात ते मळतात कितीसे?

इथपर्यंत कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

बिघडलं ते लोखंडी कपाटाने. चर्चमधल्या वस्त्रांच्या खोलीतलं जुनं लाकडी कपाट वाळवीने खाल्लं, आणि त्याच्या जागी कुणीतरी देणगीत दिलेलं लोखंडी कपाट आलं. आमच्याकडची हवा खारी. कपाटाच्या फळ्या आतून गंजल्या आणि रुमालांच्या घड्यांवर तांबूस डाग उमटायला लागले. साबण झाला, लिंबू झालं, ऊन दाखवून झालं. डाग जाईनात. एका रविवारी मिस्सा सुटल्यावर रोझलीनने सगळ्यांच्या देखत विचारलं, “काय टीचर, फादरांना नाश्त्याला केचप दिला होता काय?”

बायका हसल्या. रोझलीन त्यांचीच जुनी विद्यार्थिनी, सातवीत दोनदा बसलेली. टीचरांना रात्रभर झोप लागली नाही.

त्यांचे यजमान फ्रान्सिस रंगाच्या कंपनीतून निवृत्त झालेले. आता ओसरीवर बसून लोकांचं जुनं सागवानी फर्निचर घासूनपुसून नवं करण्याचा त्यांना नाद. लाकडात खिळा गंजला की त्याच्याभोवती काळा डाग पडतो, आणि तो घालवायला ते एक पांढरी पावडर पाण्यात कालवून लावायचे. ऑक्झॅलिक अ‍ॅसिड. लाद्या पॉलिश करणारेही हीच वापरतात. दिसायला अगदी साखरेसारखी, म्हणून फ्रान्सिसनी तिच्या बरणीवर लाल रंगाने मोठी फुली मारून ती माळ्यावर ठेवली होती.

“ते तुमचं कपड्यावरचा गंज काढेल का?” टीचरांनी विचारलं.

“गंजाचा तर ते काळ आहे,” फ्रान्सिस पॉलिशवरचा हात न थांबवता म्हणाले. “पण हातमोजे घाल. नखात गेलं तर दोन दिवस ठणकतं. आणि नंतर चार पाण्यांनी धू, शेवटच्या पाण्यात खायचा सोडा टाक. पोटात जायला नको ते. विष आहे.”

“मी काय रुमाल खाणार आहे?” टीचर म्हणाल्या आणि शिडी लावून माळ्यावर चढल्या.

डाग असे गेले की टीचर बघतच राहिल्या. तांबूस ठसा डोळ्यांदेखत फिका झाला, पिवळा झाला, नाहीसा झाला. मग रुमाल नेहमीप्रमाणे अर्ध्या बादलीत खळबळले, तांदळाच्या पेजेची कडक खळ दिली, इस्त्री केली. बादली मोगऱ्याच्या मुळाशी गेली. फ्रान्सिसनी सांगितलेली चार पाणी त्यांना आठवत होती, नाही असं नाही. पण चार बादल्या ओतायला मोगरा कुठून आणायचा? आणि गटारात ओतायच्या, तर इतक्या वर्षांचा नेम कुणासाठी पाळला? शिवाय नवऱ्याने सांगितलेलं तंतोतंत करायची त्यांना सवय नव्हती.

चर्चच्या सणाच्या दिवशी वेदी नुसती झळकत होती. फादर गॅब्रिएलनी प्रवचनात वस्त्रांचा उल्लेख केला. रोझलीन काही बोलली नाही, आणि टीचरांना तेच हवं होतं.

त्यानंतरच्या आठवड्यात फादरांचे ओठ फुटायला लागले. आधी वाटलं हवा कोरडी आहे. मग कडा सोलल्या, जीभ खरखरीत झाली, पोटात आग पडायला लागली. फादर सत्तरीचे, त्यात मूतखड्याचा जुना त्रास. सकाळची मिस्सा झाली की त्यांना पाणीही घोटवेना. एकदा ते सहज म्हणाले, “वाइन जरा आंबट लागते अलीकडे.”

एवढं पुरलं. वाइनची बाटली असायची प्लासिडच्या ताब्यात. प्लासिड चर्चचा सॅक्रिस्टन, म्हणजे घंटा वाजवण्यापासून मेणबत्त्या लावण्यापर्यंत सगळं बघणारा माणूस. वस्त्रांच्या खोलीची किल्ली त्याच्या कमरेला. माणूस गरीब स्वभावाचा, पण तरुणपणी तो प्यायचा, आणि त्या वेळी त्याला रस्त्यातून उचलून घरी आणलेलं गावाने पाहिलं होतं. सोडून वर्षं लोटली, तरी गाव काही विसरत नाही. कुजबुज सुरू झाली, की प्लासिड चर्चची वाइन पितो आणि बाटली भरायला तीत काहीतरी भलतंच ओततो.

चर्चचा कारभार बघणाऱ्या पॅरिश कौन्सिलची मीटिंग झाली. फादर आजारी म्हणून आले नाहीत. सेक्रेटरी फेबियन, तोही टीचरांच्याच हाताखालून गेलेला, म्हणाला, “पुराव्याशिवाय कुणाला काढायचं कसं? कुणी काही पाहिलंय का?”

 मग एकेकाची नजर टीचरांकडे वळली. वस्त्रं नेण्या-आणण्यासाठी प्लासिडकडे सारखं जाणं त्यांचंच होतं. कौन्सिलच्या मीटिंगमध्ये इतके लोक एकदम आपल्या तोंडाकडे बघतायत असं टीचरांना निवृत्तीनंतर प्रथमच अनुभवायला मिळत होतं. वर्गात असंच असायचं. त्या म्हणाल्या, “आता बोलायला नको, पण परवा त्याच्या तोंडाला वास आला मला. एकदा पिणारा तो पिणारा.”

वास आला नव्हता. त्या खोलीत मेणाचा आणि ऊदाचा वास असतो, तोच होता. मग त्या असं का बोलल्या? बोलून गेल्या, एवढंच. बोलल्यावर त्यांना आत कुठेतरी टोचलंही, पण तोवर फेबियनने ठराव मांडला होता आणि वाक्य परत घ्यायला जागा उरली नव्हती. कुणी सांगितलं हे मीटिंगच्या बाहेर जाऊ द्यायचं नाही, असंही ठरलं. टीचरांना ते बरं वाटलं.

प्लासिडकडून किल्ली काढून घेतली. त्याने वाद घातला नाही. आणि नेमके त्याच आठवड्यात फादरांचे ओठ बरे झाले. वापरलेले रुमाल टीचरांकडे धुवायला येऊन साध्या साबणाने धुतले गेले होते, हे कुणाच्या ध्यानात येणार? गावाला जो पुरावा हवा होता तो मिळाला. प्लासिड कळंबला समुद्रकिनाऱ्यावरच्या कॉटेजमध्ये संडास-बाथरूम धुवायला जायला लागला. रविवारी मिस्सेला दिसेनासा झाला.

मुलं पहिल्यांदा वेदीवरची पवित्र भाकर घेतात, तो पहिल्या कम्युनियनचा रविवार जवळ आला, तोवर कपाटाने रुमालांवर पुन्हा तांबूस ठसे उमटवले होते. टीचरांनी पुन्हा माळ्यावरची बरणी काढली. शनिवारी दुपारी त्या इस्त्री करायला बसल्या. एका रुमालाच्या शिवणीतून धागा सुटला होता. कात्री हाताशी नव्हती, म्हणून त्यांनी तो दातांनी तोडला.

जिभेला आंबट लागलं. चिंच नव्हे, लिंबू नव्हे, धारदार आंबट. दात शिवशिवले. त्यांनी रुमालाची कड पुन्हा ओठांना लावली, मुद्दाम, आणि चषक पुसताना फादर लावतात तशी जरा दाबून धरली. थोड्याच वेळात ओठ चुरचुरायला लागला. त्यांनी दुसरा रुमाल घेतला. तोही तसाच.

इस्त्री तापतच राहिली. टीचर उठून ओसरीवर गेल्या.

“तुमची ती पावडर,” त्या म्हणाल्या. “ती कपड्यात राहते का?”

फ्रान्सिसनी ब्रश खाली ठेवला. “किती पाण्यात धुतलंस?”

टीचर ओसरीवर सांडलेला भुसा पायाने सारायला लागल्या.

“उर्सुल, किती पाण्यात?”

“अर्ध्या बादलीत.”

फ्रान्सिसनी हात फडक्याला पुसले. “वर खळ दिलीस. म्हणजे जे राहिलं ते चिकटून बसलं. म्हातारा रोज सकाळी उपाशीपोटी ते ओठांना लावत होता. चषक पुसायचा आणि त्यातच पाणी घालून प्यायचा. डॉक्टरने फादरांना पालक का बंद केलाय, माहीत आहे तुला? पालकात हेच असतं, चिमूटभर. त्याने खडे होतात.” मग ते हळू आवाजात म्हणाले, “थोडक्यात निभावलं, असं समज.”

 त्या पायरीवर बसल्या. पण शाळेत इतकी वर्षं काढलेलं डोकं लगेच कामाला लागलं. “उद्या मुलांचं कम्युनियन आहे. सगळे रुमाल आत्ताच्या आत्ता धुते. सोडा घालते. पाहिजे तितकं पाणी घेते, जाऊ दे गटारात. उद्या कुणाला काही होणार नाही. मग कुणाला कळायचं कारणच नाही.”

“आणि प्लासिड?” फ्रान्सिसनी विचारलं.

“त्याला मिळालंय ना काम कळंबला.”

हे वाक्य तोंडातून निघालं आणि टीचरांनाच ते ऐकवेना. फ्रान्सिस आत निघून गेले. बायकोला त्यांनी आयुष्यात पुष्कळदा उलट उत्तरं दिली होती, पण असं न बोलता उठून ते कधी गेले नव्हते.

रुमाल धुतले. नळाखाली धरून, पाणी बदलून बदलून, सोडा घालून, प्रत्येक वेळी जिभेला लावून बघत. मोरीतून पाणी वाहून जाताना टीचरांना देवाची भीती वाटली नाही. आपण देवाच्या नावाखाली इतकी वर्षं नुसती मिरवणूक काढत होतो, एवढंच त्यांना वाटलं, आणि त्या एकट्या मोरीत उभ्या असूनही त्यांनी चेहरा पदराने झाकून घेतला.

संध्याकाळी त्या कन्फेशनला, पापांची कबुली द्यायला गेल्या. उद्याच्या सणामुळे रांग होती. जाळीपलीकडे फादर गॅब्रिएल. टीचरांनी सगळं सांगितलं, पावडर, अर्धी बादली, मीटिंग, तोंडाचा वास. वासाचं सांगताना त्यांचा आवाज इतका खाली गेला की फादरांना पुन्हा विचारावं लागलं.

“म्हणजे वास आला नव्हता?”

“नाही, फादर.”

पलीकडे फादर जाळीजवळ सरकले.

“टीचर, हे तुम्ही मला बंगल्यावर येऊन, चहा पिताना सांगू शकला असतात,” फादर म्हणाले. “मी लगेच फेबियनला फोन केला असता. इथे सांगितलंत. इथलं मला बाहेर बोलता येत नाही. माझ्या समोर प्लासिडला कुणी चोर म्हणालं, तरी मला गप्प बसायचंय. हे तुम्हाला माहीत होतं.”

टीचरांना माहीत होतं. रांगेत उभं असताना त्यांनी स्वतःशी तेवढाच विचार केला होता. देवाला सांगितल्यासारखं होईल आणि गावाला कळणार नाही. आपली ही हुशारी त्या अंधारात पकडली गेल्यावर त्यांना जमीन दुभंगावी असं झालं.

“माझ्या ओठांचं मी माफ केलं,” फादर म्हणाले. “ते अज्ञान होतं. प्लासिडचं नाव माझं नाही. ते मी कसं माफ करू? ज्याचं घेतलंय त्याला परत करा. सगळं. पाव-अर्धं नको.”

चर्चमधून बाहेर पडून त्या घरी वळल्या नाहीत, प्लासिडकडे गेल्या. त्याचं घर भातशेतीच्या कडेला, वाडीच्या अगदी टोकाला. तो नुकताच कळंबहून आला होता आणि दारात बसून छोट्या पांढऱ्या बुटांना पॉलिश करत होता. त्याची नात उद्या पहिलं कम्युनियन घेणार होती.

टीचरांना बघून तो गडबडीने उठला. “या टीचर. बसा. पानी आनू?”

“नको. मला बोलायचंय.” आणि त्या उभ्या उभ्याच बोलल्या. पावडर, रुमाल, फादरांचे ओठ. प्लासिड ऐकत होता. त्याच्या बोटांची कातडी कॉटेजच्या फिनेलने सोललेली होती.

“फादरांचे ओठ बरे हायत ना आता?” त्याने विचारलं.

“आहेत.”

“मंग झालं.” तो खाली बसला, बूट पुन्हा हातात घेतला. “मी तर समजत व्हतो, माज्याच हातून बाटली नीट धुवायची ऱ्हायली असंल. लई रात्री तेच इचार केले.” बुटावर फडकं फिरवत तो म्हणाला, “कोनाला सांगू नका टीचर. तुमचं नाव मोठं हाय गावात. माजं काय, गेलंच हाय.”

टीचरांना एकदम सुटल्यासारखं वाटलं. ते सुटणं त्यांना छातीत स्पष्ट जाणवलं, आणि त्या दिवसातली सगळ्यात मोठी शरम त्यांना त्याचीच वाटली.

“एकच गोष्ट मनातून जात नाय,” प्लासिड बुटाकडे बघत म्हणाला. “मीटिंगमदी कोनीतरी सांगितलं म्हने, माज्या तोंडाला वास आला. कोन ते फेबियन सांगत नाय. दारू सोडली त्या दिसापासून थेंब नाय घेतला मी. झोपायला पडलो की गावातल्या एकेकाचा चेहरा डोळ्यांसमोर आनतो, हा असंल का, तो असंल का. तुमी तिथं व्हतात. तुमाला ठावं असंल.”

फादर म्हणाले होते, सगळं. टीचरांनी तोंड उघडलं. तेवढ्यात नात फ्रॉक दाखवायला बाहेर आली, आणि त्यांनी त्या मुलीच्या आडोशाने तोंड पुन्हा मिटलं. “उद्या चर्चमध्ये ये,” त्या म्हणाल्या. “नक्की ये.” आणि मागे न बघता निघाल्या.

रविवारी चर्च गच्च भरलं होतं. मुली पांढऱ्या फ्रॉकात, मुलगे पांढऱ्या शर्टात, आईबाप मोबाइल उंच धरून उभे. प्लासिड आला होता. शेवटच्या खांबापाशी, अर्धा आत अर्धा बाहेर. कम्युनियन झालं, आणि मिस्सेच्या शेवटी फेबियन माइकवर आभार मानायला उभा राहिला. फुलवाल्यांचे, गायकांचे, मांडववाल्याचे. “आणि वेदीच्या शुभ्र वस्त्रांसाठी आपल्या उर्सुला टीचर,” तो म्हणाला, तेव्हा टीचर बाकावरून उठल्या आणि चालत माइकपाशी गेल्या. फेबियनला वाटलं, चार शब्द बोलणार असतील. तो हसून बाजूला झाला.

टीचरांनी माइक धरला. 

“फादरांना जो त्रास झाला तो वाइनने झाला नाही,” त्या म्हणाल्या. “माझ्यामुळे झाला. रुमालांवरचे डाग काढायला मी ऑक्झॅलिक अ‍ॅसिड वापरलं आणि ते नीट धुतलं नाही. फादरांच्या पोटात विष गेलं ते माझ्या हाताने. प्लासिडचा त्यात काडीचाही दोष नव्हता.”

 कुठेतरी एक मूल रडलं. टीचर श्वास घ्यायला थांबल्या. त्यांना अजून बोलायचं होतं. पण तेवढ्यात पुढच्या बाकावरून टाळी वाजली. रोझलीन होती. तिचे डोळे भरून आले होते. तिच्या मागच्यांनी वाजवली, मग सगळ्या चर्चने. मुलांनाही टाळ्या वाजवायला कारण हवंच होतं. फेबियन जवळ येऊन कानात म्हणाला, “टीचर, असं सांगायला केवढं मोठं मन लागतं. वस्त्रं तुमच्याकडेच राहणार, काळजी करू नका. प्लासिडच्या किल्लीचं पुढच्या मीटिंगला बघू.” आणि माइक घ्यायला त्याने हात पुढे केला.

टीचरांनी सगळ्यांच्या डोक्यांवरून मागे पाहिलं. खांबापाशी प्लासिडही टाळ्या वाजवत होता, त्या फिनेलने सोललेल्या हातांनी, मनापासून.

इथे थांबता आलं असतं. गाव आयुष्यभर म्हणालं असतं, अशी बाई होणे नाही. टीचरांनी फेबियनचा हात बाजूला केला. टाळ्या पूर्ण थांबेपर्यंत त्या वाट बघत उभ्या राहिल्या.

“ती चूक होती,” त्या म्हणाल्या. “आता सांगते ती चूक नव्हती. प्लासिडच्या तोंडाला वास येतो, असं मीटिंगमध्ये मी सांगितलं. वास आला नव्हता. मी खोटं बोलले.”

या वेळी कुणी टाळी वाजवली नाही. पुढच्या बाकावर रोझलीनने मान खाली घातली. फेबियन वेदीच्या पायरीकडे बघायला लागला. खांबापाशी प्लासिडचे हात छातीपाशी जोडल्यासारखे तसेच राहिले होते. रोज रात्री तो जो चेहरा शोधत होता तो आता त्याच्या समोर होता, आणि तो चेहरा मनात कधीच आला नव्हता. त्याने टीचरांकडे पाहिलं. नेहमीसारखं हसला नाही, मानही हलवली नाही. नुसता बघत राहिला.

टीचरांना डोळे मिटून घ्यावेसे वाटले. पण दुसऱ्यांच्या पोरांना त्यांनी वर्षानुवर्षं हेच शिकवलं होतं, चूक केलीस तर माझ्याकडे बघून सांग. त्या त्याच्याकडे बघत तशाच उभ्या राहिल्या. शेवटी प्लासिडनेच नजर काढून घेतली, नातीचं बोट धरलं आणि तो उन्हात निघून गेला.